रंग बघू नका, ठोकून बघा!

मित्रांनो, नवापूरहून आठवीतल्या एका मुलाचं पत्र आलंय. लिहितो, ‘‘काका, मोठा झालो की मी शिडाची होडी घेणार आहे. नवी परवडणार नाही. जुनी घेतली, दुरुस्त केली, थोडी फिरवली आणि विकली, तर फायदा होईल का? बाबा म्हणतात, बुडशील. पाण्यातही आणि पैशातही.’’

नवापूर म्हटलं की आठवतं ते तिथलं रेल्वे स्टेशन. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, आणि फलाटावरचं एक बाकसुद्धा दोन राज्यांनी वाटून घेतलेलं! समुद्र मात्र तिथून लांब. पण गावची रंगावली नदी तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पुढे समुद्राला. मध्ये उकाई धरणाची भिंत आहे म्हणून, नाहीतर या आमच्या मित्राने घरापासूनच शीड उभारलं असतं!

तर बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. अर्धंच का, ते कळायला आपल्या मुंबईत बांधलेल्या एका होडीची गोष्ट ऐका.

तिचं नाव ‘सुहैली’. लांबी अवघी ३२ फूट. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाच्या इंग्रज दर्यावर्दी तरुणाने ती मुंबईच्या कारागिरांकडून सागवानी लाकडात बांधून घेतली. १९६४ च्या अखेरीस ती पाण्यात उतरली. तिच्यातूनच तो मुंबईहून इंग्लंडला गेला. पुढे एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायचं त्याच्या मनाने घेतलं. पण त्याला वाटलं, ही होडी लहान आणि संथ, आपल्याला मोठी, नवी हवी. म्हणून त्याने सुहैली विकायला काढली! नव्या होडीसाठी पैसे काही उभे राहिले नाहीत. मग १४ जून १९६८ ला स्वारी सुहैलीतूनच निघाली.

थोडे दिवस जातात न जातात, तोच होडीत जास्त पाणी यायला लागलं. पंप मारून मारून हात दुखले. वारा पडल्यावर रॉबिनने पाण्यात बुडी मारून पाहिलं, तर तळाशी फळ्यांच्या सांध्यांत लांबलचक फट! शार्कना आपलं गोरं अंग दिसू नये म्हणून त्याने गडद कपडे घातले, श्वास रोखून पुनःपुन्हा बुड्या मारल्या. फटीत नुसता कापूस ठासला तर तो बाहेर येई. मग त्याने कापूस कॅनव्हासच्या पट्टीवर शिवला, त्याला डांबर फासलं, ती पट्टी तळाला खिळ्यांनी ठोकली आणि वरून तांब्याची पट्टी बसवली. मध्येच एक शार्क आलाच! होडीवर चढून आधी त्याचा बंदोबस्त करावा लागला.

२२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी, सुहैली इंग्लंडला परतली. त्या शर्यतीत नऊ जण निघाले होते. पोचला हा एकटाच.

आता पत्राकडे येऊ. जुनी लाकडी होडी बघायला जाल तेव्हा ती पाण्याबाहेर ओढलेली असली पाहिजे, हे पहिलं. पाण्यात उभी असलेली होडी म्हणजे झाकलेली मूठ. मग लहान हातोडीने फळ्या ठोकत जायचं. चांगलं लाकूड खणखणीत आवाज देतं, कुजलेलं बद्द वाजतं. मालकाला विचारून तिथे दाभण टोचायचं. लोण्यात गेल्यासारखं आत गेलं, तर समजायचं. खिळ्यांच्या खाली गंजाचे ओघळ आहेत का बघा. शीड उन्हासमोर धरा. उन्हाने बहुतेक वेळा कापडाआधी शिवण कुजते. आणि हो, होडी नुकतीच रंगवलेली असेल तर मी तरी दुप्पट वेळ ठोकत बसेन.

पैशाचं गणितही करून टाकू. समजा, होडी ४० हजारांना मिळाली. फळ्या आणि सांधे १५ हजार, शीड १० हजार, दोर, रंग, किरकोळ ५ हजार. झाले ७०. गिऱ्हाईक म्हणणार, ‘‘जुनीच आहे, ६० देतो.’’ तुमची सुट्टीभराची मेहनत तर हिशेबात धरलेलीच नाही! इथे बाबा बरोबर आहेत. पण त्या सुट्टीत तुम्ही सांधे भरायला शिकलात, आणि तेवढंच येत होतं म्हणून रॉबिन परत आला. हे कुठल्या रकान्यात लिहायचं, ते बाबांनाच विचारा.

विकताना काय? काय बदललं आणि काय बदललं नाही, दोन्ही वहीत लिहून वही गिऱ्हाइकाला द्यायची. भाव थोडा कमी येईल, येऊ दे. तळाची फट रंगाखाली दडवली, तर ती उघडी पडेल भर पाण्यात, आणि तेव्हा त्या होडीत तुम्ही नसाल, दुसरं कुणीतरी असेल.

जुन्या होडीला कमी समजू नका हं. २०२२ ला सुरू झालेल्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत आपल्या नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी उतरले, ते ‘बयानात’ या जुन्या होडीतून. हीच होडी वेगळ्या नावाने आधीची शर्यत जिंकून आली होती! टॉमी एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. वाटेत सुकाणू आपोआप सांभाळणारं पातं मोडलं, तेव्हा त्यांनी होडीतल्या संडासाच्या दाराची फळी कापून नवं केलं.

आणि सुहैली? ती इंग्लंडमध्ये ग्रिनिचच्या संग्रहालयात जाऊन बसली. तिथल्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसायला लागल्या. ते पाहून नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला बाहेर काढलं. जुने लोखंडी खिळे-बोल्ट काढून ब्राँझचे बसवले, सत्तरी ओलांडल्यावर, स्वतः राबून! आणि ती पुन्हा पाण्यात उतरली.

तर नवापूरच्या मित्रा, होडी येईल तेव्हा येईल. आधी घरातलं जुनं लाकडी दार, पाट, खाट ठोकून बघ. कुठे खणखणीत वाजतं, कुठे बद्द, ते लिहून पाठव. दाभण मात्र आईला विचारूनच!