टॉवरमधले घर आणि आपले आडनाव



मुंबईत लोअर परळला एकेकाळी गिरणीच्या भोंग्यावर दिवस उजाडत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या व हॉटेले आली. आजूबाजूला उंच टॉवर उभे राहिले. ज्या आजोबांनी तिथे साचे चालवले, त्यांची शिकलेली नात आज त्याच भागातल्या टॉवरमध्ये भाड्याने घर पाहते. नवरा-बायको दोघे नोकरीला, कचेरी पायी अंतरावर. यात गैर काही नाही. पण तीन गोष्टी आधी पाहाव्यात.

पहिला हिशेब. समजा भाडे महिना ८० हजार, अनामत ३ लाख, दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी आणि पहिले भाडे आगाऊ. म्हणजे चावी हाती येण्याआधीच ४ लाख ६० हजार रुपये मोजावे लागतात. त्यातले अनामतीचे तेवढे परत मिळायचे. देखभाल खर्च, गाडीची जागा, पोहण्याचा तलाव व व्यायामशाळा भाड्यात धरली आहे की वेगळी, हे आधी विचारावे. दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर भाडे भरता येईल का? गावाकडे आईवडिलांना जाणारे पैसे थांबणार नाहीत ना? या दोन प्रश्नांचे उत्तर घरात बसून कागदावर मांडावे.

दुसरी गोष्ट करार. 'लिव्ह अँड लायसन्स' करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे तो लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे मानले जाते. ते खोटे असल्यास मालकाने सिद्ध करायचे असते. उलट कलम २४ ही ध्यानात ठेवावे. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. अनामत किती दिवसांत परत मिळणार आणि रंगरंगोटीचा खर्च कोणाचा, हे करारात लिहून घ्यावे. तोंडी शब्दावर राहू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. दलाल फोनवरच विचारतो, "आडनाव काय? व्हेज की नॉनव्हेज?" मग काही वडीलधारी मंडळी सांगतात, "दुसरे आडनाव सांग, घर तर मिळेल." काळजीपोटीच सांगतात. पण करारावर आधार कार्डावरचे नाव येते, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती जाते. मग नाव लपणार कसे?

१९१७ साली बडोद्यात परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना कोणी जागा देईना. पारशी नाव घेऊन त्यांना पारशी विश्रामगृहात राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. खोट्या नावाने मिळालेले छप्पर किती दिवस टिकते, हे त्यांनी सोसून पाहिले. आपल्या मुलांवर ती पाळी पुन्हा का यावी?

नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५, कलम ४ प्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणाने कोणाला वस्तीत राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. अडचण पुराव्याची. तोंडावर कोणी जात काढत नाही, "जागा गेली" एवढेच म्हणतात. म्हणून दलालाचे संदेश पुसून टाकू नयेत. तारीख, वेळ वहीत टिपून ठेवावी. दोन-तीन दिवसांनी तीच जागा दुसऱ्या कोणाला विचारायला सांगावी. मग वकिलाचा सल्ला घ्यावा.

म्हणून टोकनचे पैसे देण्याआधीच आपले पूर्ण नाव सांगावे. नकार यायचाच असेल तर पैसे आपल्या खिशात असतानाच यावा. आणि घर मिळाले तर दारावर आपल्या नावाची पाटी पहिल्या दिवशीच लावावी.