उसने आभाळ

मे महिन्यातील दुपारी सोलापूरच्या नवी पेठेत मान वर करून पाहिले, तर दिसते ते रखरखीत, पांढुरके आभाळ. सिद्धेश्वर तलावाच्या वा भुईकोट किल्ल्याच्या छायाचित्रांत मात्र हल्ली पुष्कळदा काळेभोर मेघ दाटलेले असतात. ही किमया ऋतूची नव्हे, संगणकाची आहे. ‘फोटोशॉप’मध्ये २०२० साली आभाळ बदलण्याची स्वतंत्र सोय आली. ती क्षितिज आपणच ओळखते, जुने आभाळ झाकून नवे बसविते आणि जमिनीचा रंगही त्याला जुळवून देते.

यात नवे ते काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. एकोणिसाव्या शतकातील काचा निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देत. जमीन नीट उमटेपर्यंत आभाळ पांढरेफटक होऊन जाई. म्हणून फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५०च्या दशकात समुद्र आणि ढग निरनिराळ्या काचांवर टिपून एकाच कागदावर छापले. त्याला तंत्राच्या उणिवेचे सबळ कारण होते. आजच्या कॅमेऱ्याला ती सबब उरलेली नाही. फिकट पडलेला निळा रंग गडद करावा, अस्पष्ट ढग उठावदार करावा. त्यास हरकत नसावी, कारण तो ढग तेथे होता. नसलेला ढग आणणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट होय.

पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात ढग ही शोभेची वस्तू नाही. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सोलापूर परिसरात विमानांच्या साहाय्याने ढगबीजनाचे प्रयोग केले. ज्या ढगांतून थोडा अधिक पाऊस मिळावा म्हणून शास्त्रज्ञांना एवढा खटाटोप करावा लागतो, ते चित्रात एक कळ दाबताच अवतरतात! कोरड्या गेलेल्या जुलैच्या चित्रावर असे मेघ चढविले, की त्या वर्षीची अवर्षणाची साक्षच पुसली जाते. पुढच्या पिढीने ते चित्र पाहून कोणता निष्कर्ष काढावा?

दिनदर्शिकेच्या वा लग्नाच्या चित्रांत हौसेला मोकळीक असावी. परंतु वृत्तपत्रे, स्पर्धा आणि पर्यटनाच्या पुस्तिका यांनी आभाळ बदललेले असल्यास तसे चित्राखालीच छापावे. स्पर्धेच्या परीक्षकांनी मूळ चित्रही मागवावे. यात कलेची गळचेपी नाही. सोलापूरचे आभाळ बहुधा रितेच असते, हे खरे. पण ते रितेपणही सोलापूरचेच आहे.