आपल्या खासदाराला भेटा : ब्रिटनमधील मराठीजनांना जाहीर आवाहन





ऑक्सफर्ड विद्यापीठाने मलेरियावरची आर-21 लस शोधली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती तयार केली आणि जुलै 2024 मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या बाळांना ती टोचायला सुरुवात झाली. गरीब देशांना अशा लसी मिळतात त्या मुख्यतः ‘गावी’ या जागतिक संस्थेच्या निधीतून. ब्रिटन हा गावीचा एक मोठा आधार. पण मागच्या पाच वर्षांसाठी 1.65 अब्ज पौंड देणाऱ्या ब्रिटनने पुढच्या पाच वर्षांसाठी 1.25 अब्जच कबूल केले आहेत. मलेरिया मात्र आजही वर्षाला सुमारे 6 लाख बळी घेतो. त्यांत बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं असतात.

कात्री केवळ लसींना लागलेली नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के रक्कम परदेशी विकास-मदतीसाठी देण्याचा कायदा ब्रिटिश संसदेने 2015 मध्ये केला. 2021 मध्ये ती रक्कम 0.5 टक्क्यांवर आली. 2027 पर्यंत ती 0.3 टक्क्यांवर आणून वाचलेला पैसा संरक्षणाकडे वळवण्याचं सरकारने फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केलं. जगात सुमारे 80 कोटी माणसं अतिदारिद्र्यात असताना हे घडतं आहे. हे आम्हाला मान्य नाही.

आपल्यापैकी अनेक जण गावाकडच्या शाळांना, संस्थांना देणगी पाठवतात. ती जरूर पाठवावी. पण सरकार एका निर्णयाने जेवढं काढून घेतं, तेवढं आपल्या साऱ्यांच्या वर्गणीतून भरून निघणार नाही. म्हणून निर्णय घेणाऱ्यांनाच गाठायला हवं. तो हक्क आपल्याला आहे. भारतीय पासपोर्ट असला तरी इथे कायदेशीर राहणारा राष्ट्रकुलाचा नागरिक संसदेच्या निवडणुकीत मतदान करू शकतो. 1892 मध्ये लंडनच्या फिन्सबरीतून निवडून गेलेल्या दादाभाई नौरोजींनी याच संसदेत हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा जाब विचारला होता.

लोकांच्या रेट्याने सरकारं हलतात. मे 1998 मध्ये गरीब देशांच्या कर्जमाफीसाठी सुमारे 70 हजार लोकांनी बर्मिंगहॅममध्ये जी-8 परिषदेच्या वेळी मानवी साखळी केली. पुढच्याच वर्षी जी-8 देशांनी कर्जमाफीची व्याप्ती वाढवली.

आपण एवढं करावं :

1. आपल्या मतदारसंघातले चार-पाच जण एकत्र या. महिन्यातली एक संध्याकाळ या कामाला द्या.

2. मतदार यादीत नाव नसेल तर आधी ते नोंदवा.

3. खासदाराला स्वतःच्या शब्दांत पत्र लिहा. त्यात पत्ता आणि पोस्टकोड हवाच, कारण खासदार आपल्या मतदारसंघातल्या पत्रांनाच उत्तर देतात.

4. खासदार लोकांना भेटतात त्या ‘सर्जरी’ची वेळ घ्या. दोनच मागण्या ठेवा : 0.7 टक्क्यांकडे परतण्याचं वेळापत्रक द्या आणि गावीचा निधी पूर्ववत करा. उत्तर गुळमुळीत आलं तर पुन्हा लिहा, पुन्हा भेटा.

5. गणेशोत्सवात, दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळाकडून दहा मिनिटं मागून घ्या आणि हा विषय मांडा.

यासाठी अर्थशास्त्र शिकलेलं असण्याची गरज नाही. खासदार कुठल्याही पक्षाचा असो, मागण्या त्याच राहतील. विद्यार्थी, नोकरदार, गृहिणी, निवृत्त मंडळी, सगळ्यांचं स्वागत आहे.

17 ऑक्टोबर हा दारिद्र्य निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस. त्याआधी आपल्या खासदाराची भेट घ्याच. पहिलं पत्र आजच लिहा.