प्रथमावृत्तीचे मोल

दुर्मीळ प्रथमावृत्ती जमविणाऱ्या संग्राहकाकडे साहित्याचे अभ्यासक काहीशा उपहासानेच पाहतात. ग्रंथ वाचण्यासाठी असतो, काचेच्या कपाटात मिरविण्यासाठी नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद. त्यातून संग्रहाचा विषय गळाने मासे धरणे किंवा अमेरिकेच्या पश्चिम प्रदेशाचे समन्वेषण असा असेल, तर त्याला श्रीमंतांचा विरंगुळा ठरवून मोकळे होणे फारच सोपे जाते. (हे दोन विषय एकाच कपाटात का नांदतात, याचे नवल वाटू नये, दोहोंच्या मुळाशी नदी आहे.) परंतु या संग्राहकांचे पाठचिकित्सेवर जे ऋण आहे त्याची आपण पुरेशी दखल घेतलेली नाही, असे माझे मत आहे. त्यांची प्रथमावृत्तीवरील निष्ठा जशीच्या तशी स्वीकारावी, असे मात्र मुळीच नाही.

आयझॅक वॉल्टन याच्या ‘द कंप्लीट अँग्लर’ या ग्रंथाचे उदाहरण घेऊ. त्याची पहिली आवृत्ती १६५३ साली लंडनमध्ये निघाली. शीर्षकपृष्ठावर लेखकाचे नाव नव्हते. राजा पहिला चार्ल्स याच्या शिरच्छेदाला चार वर्षे झाली होती, आणि पराभूत राजपक्षाकडे ओढा असलेल्या वॉल्टनने नदीकाठच्या शांततेचे हे पुस्तक लिहिले. लेखकाच्या हयातीतच त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येक वेळी त्याने मजकुराला हात लावला. पहिल्या आवृत्तीतील तेरा प्रकरणांची १६५५ मध्ये एकवीस झाली. १६७६ च्या पाचव्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने लिहिलेला, कृत्रिम माशीच्या गळाविषयीचा दुसरा भाग जोडला गेला. आज सर्वसामान्य वाचक जो ‘वॉल्टन’ वाचतो तो बहुधा हा वाढलेला, स्थिरावलेला वॉल्टन होय. लेखकाची अखेरची इच्छा हाच निकष मानला, तर लिलावात प्रचंड किंमत मिळविणारी १६५३ ची आवृत्ती म्हणजे केवळ कच्चा खर्डा ठरेल.

आणि तरीही तिच्यात एक गोष्ट अशी आहे, जी पुढील आवृत्त्यांत नाही. पहिल्या आवृत्तीत संवाद चालतो तो ‘पिस्केटर’ आणि ‘व्हिएटर’ या दोघांत, म्हणजे मासे धरणारा आणि वाटसरू यांच्यात. दुसऱ्या आवृत्तीत वाटसरू नाहीसा होतो. त्याच्या जागी ‘व्हेनेटर’ हा शिकारी येतो, आणि ससाणे बाळगणारा ‘ऑसेप्स’ हे तिसरे पात्र अवतरते. हा बदल कलादृष्ट्या हिताचाच झाला. तीन छंदांच्या तीन पुरस्कर्त्यांमुळे वादाला रंग चढला. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास ‘द आर्ट ऑफ अँग्लिंग’ हे १५७७ साली छापलेले एक लहानसे पुस्तक उजेडात आले. त्याची एकच प्रत ज्ञात आहे. ती कार्ल ऑटो फॉन कीनबुश या संग्राहकाने मिळविली आणि त्याच्या संग्रहासह ती प्रिन्स्टन विद्यापीठात गेली. त्या पुस्तकातही संवाद आहे, आणि तो पिस्केटर आणि व्हिएटर यांच्यातच आहे! वॉल्टनने या पूर्वसूरीचे पुस्तक वाचले असावे, हे सुचविणारा नावांचा धागा १६५५ मध्ये त्याने स्वतःच कापून टाकला होता. तो शाबूत राहिला तो केवळ पहिल्या आवृत्तीत. ज्या छांदिष्टांनी १६५३ च्या प्रती जिवापाड जपल्या आणि ज्या छांदिष्टाने १५७७ ची ती प्रत हस्तगत केली, त्यांच्यामुळेच एका अभिजात ग्रंथाच्या उगमाचा प्रश्न पुन्हा खुला झाला.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील प्रवासग्रंथांकडे वळले की चित्र नेमके उलटते. मेरिवेदर लुइस व विल्यम क्लार्क यांची मोहीम १८०४ ते १८०६ या काळातली. तिचा अधिकृत वृत्तांत दोन खंडांत फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाला तो १८१४ मध्ये. तोवर लुइस मरण पावून चार वर्षे उलटली होती. दैनंदिन्यांवरून सलग कथन रचले निकोलस बिडलने, शीर्षकपृष्ठावर नाव आले पॉल ॲलनचे. निसर्गविज्ञानाचा भाग बेंजामिन स्मिथ बार्टन स्वतंत्रपणे लिहिणार होता. तो १८१५ मध्ये निवर्तला आणि तो खंड कधी झालाच नाही.

आता मासळीकडे येऊ. १३ जून १८०५ रोजी मिसूरी नदीच्या महाप्रपाताशी साइलस गुडरिच या शिपायाने गळाला लावून काही ट्राउट आणले. लुइसने त्यांची लांबी, काळे ठिपके, दात, परांमागील तांबडी रेघ, सारे दैनंदिनीत टिपले. या मत्स्यजातीचे हे फार महत्त्वाचे आद्य वर्णन आहे. १८३६ मध्ये रिचर्डसनने तिला शास्त्रीय नाव दिले ते क्लार्कचे. अशा नोंदी मूळ शब्दांत समग्र वाचावयास मिळाल्या त्या थ्वेट्सच्या १९०४-०५ च्या आठ खंडांत, आणि पुढे मोल्टनच्या १९८३ ते २००१ या काळातील तेरा खंडांत. म्हणजे येथे प्रथमावृत्ती ही प्रवाशाच्या शब्दांपासून दूर नेणारी आहे. तिचे मोल आहे ते पहिल्या वाचकांच्या हाती काय पडले, हे सांगणारी साक्षीदार म्हणून.

मराठी अभ्यासकाला हा प्रकार परका वाटू नये. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये निघाला तो चिंतामणराव वैद्यांच्या संस्कारासह. मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदारांनी दिली ती १९६६ मध्ये. मधली जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचकाचा गोडसे भटजी हा वैद्यांनी घडविलेला गोडसे भटजी होता, आणि म्हणूनच अभिरुचीचा इतिहास लिहिणाऱ्याला १९०७ ची प्रत टाकून देता येत नाही.

आपल्या ग्रंथालयांत नेमके हेच घडते. सुधारलेली आवृत्ती आली की जुनी प्रत ‘जादा’ ठरवून निर्लेखित केली जाते. जी वाचते तिची नवी बांधणी होते, आणि त्या बांधणीत मूळ वेष्टन, जाहिरातींची पाने, कधी कडेचा मजकूरही छाटला जातो. संग्राहक फक्त पहिली ठेवतो, ग्रंथपाल फक्त शेवटची. या दोहोंत मला संग्राहकाचा हट्ट कमी घातक वाटतो, कारण शेवटची आवृत्ती पुन्हा विकत मिळण्याची शक्यता तरी असते. पहिली, दुसरी आणि पाचवी शेजारी ठेवण्याचे काम मात्र खाजगी शौकाच्या भरवशावर सोडता येणार नाही. ते विद्यापीठांचेच आहे. त्याची सुरुवात नोंदपत्रापासून करता येईल. १८१४ च्या ग्रंथाच्या कित्येक प्रतींतून क्लार्कचा मोठा नकाशा नाहीसा झालेला आहे. लिलावाच्या सूचीत तो आहे की नाही, हे पाहणे खरेदीदाराचे पहिले काम असते. आपल्या सूचींत मात्र पुस्तकाचे कोणते पान, कोणते वेष्टन, कोणता नकाशा गहाळ आहे, याचा उल्लेख क्वचितच आढळतो.