गळ कुणाचा, नदी कुणाची?

कावेरीच्या खोल डोहांतील वशिंडाचा महसीर हा गोड्या पाण्यातील सर्वांत मोठ्या माशांपैकी एक. १९४६ साली कबिनी या कावेरीच्या उपनदीत १२० पौंड वजनाचा मासा गळाला लागला होता. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये गळाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून साहेबांना आणि पुढे देशी धनिकांना या माशाचे वेड लागले. दीडशे वर्षे शिकारी ज्याच्या मागे धावले, त्याची शास्त्रीय ओळख मात्र २०१८ मध्ये निश्चित झाली. आणि त्याच वर्षी त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' वर्गात करावी लागली. बारसे आणि मृत्यूची सूचना एकाच वर्षी यावी, ही गोष्ट नुसती हळहळण्याची नाही. तिची कारणमीमांसा झाली पाहिजे.

या कथेचा एक धागा महाराष्ट्रात येऊन पोहोचतो. लोणावळ्याच्या टाटा वीज कंपनीच्या तलावांवर १९७० च्या दशकापासून निळ्या परांच्या महसीराचे कृत्रिम प्रजनन होऊ लागले. हा मासा कृष्णा खोऱ्यातला. कर्नल साईक्सने १८३९ मध्ये त्याचे वर्णन केले तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यांवरून. स्वतःच्या खोऱ्यात त्याचे संवर्धन करणे सर्वथा योग्यच होते. परंतु त्याची बोटुकली परराज्यांत वाटली गेली आणि १९८० च्या दशकात कावेरीतही सोडली गेली. हेतू दुहेरी होता: संवर्धन व्हावे आणि गळकऱ्यांना मासा मिळावा. नदीत आधीपासून कोण नांदत आहे, हा प्रश्न कुणाला पडला नाही. दोन्ही महसीरच, मग बिघडले कुठे, अशी समजूत होती.

पुढे काय झाले ते गळकऱ्यांच्याच नोंदवह्या सांगतात. १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा निळ्या परांचा पाहुणा वाढत गेला आणि वशिंडाचा यजमान दिसेनासा होत गेला, असे आढळले. धरणे, वाळूउपसा, सुरुंगाने होणारी मासेमारी ही कारणेही खरी आहेत, ती नाकारण्याचे प्रयोजन नाही. पण ज्या पाण्यात एकाचा ऱ्हास झाला, त्याच पाण्यात दुसरा फोफावला, ही वस्तुस्थिती केवळ धरणांकडे बोट दाखवून उलगडत नाही.

गळाच्या खेळाचे समर्थक म्हणतात, 'आमच्या छावण्या होत्या म्हणून सुरुंगवाल्यांना धाक होता. पकडलेला मासा आम्ही परत सोडत होतो. आमच्या नोंदी नसत्या तर हा ऱ्हास कळलाही नसता.' यातले प्रत्येक विधान खरे आहे आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मात्र राखणदारी केल्याने मालकी मिळत नाही. डोहाची राखण करणाऱ्याला त्या डोहात कोणता जीव सोडावा हे परस्पर ठरवण्याचा अधिकार कुणी दिला?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता हा व्यवहार नवा नाही. लाभ थोड्यांचा, निर्णय थोड्यांचा आणि नुकसान साऱ्यांचे. काश्मीरच्या ओढ्यांत १९०० च्या सुमारास ट्राउटची अंडी आणून रुजवली गेली ती काश्मिरी कोळ्यांच्या मागणीवरून नव्हे. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात वसाहतकाळात नाईल पर्च सोडला गेला. त्यामागेही शिकारीची हौस हे एक कारण होते. तेथील लहान माशांच्या शेकडो जाती त्यानंतर नष्ट किंवा नष्टप्राय झाल्या. निर्यातीचे कारखाने उभे राहिले, परकीय चलन आले हे खरे. पण ज्या सरोवराने पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावरील कुटुंबांना स्वस्त मासळी दिली, त्याची उत्तम मासळी परदेशी ताटांकडे वळली.

कायदा याबाबत काय म्हणतो? १८९७ च्या मत्स्य कायद्याने सुरुंग लावणे आणि विष कालवणे हे गुन्हे ठरवले, ते योग्यच. परंतु परक्या खोऱ्यातील मासा सोडणे हा त्या कायद्यान्वये गुन्हा नाही. २०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन आक्रमक परक्या जातींची दखल घेतली गेली. पण तिच्या व्याख्येनुसार परकी जात म्हणजे भारताबाहेरची जात. कृष्णेचा मासा भारतीय असल्यामुळे कावेरीत तो कायद्याला परका वाटतच नाही! नदीला राष्ट्राच्या सीमा कळत नाहीत, तिला खोरे कळते. कायदा करणाऱ्यांना मात्र ते कळलेले नाही. सुरुंग लावणारा दरिद्री माणूस गुन्हेगार ठरतो आणि हजारोंनी बोटुकली सोडणारा उपकारकर्ता म्हणून हारतुरे घेतो, हा या व्यवस्थेचा न्याय आहे.

यावर उपाय अवघड नाहीत. कोणत्याही नदीत मत्स्यबीज सोडण्यापूर्वी ते त्याच खोऱ्याचे आहे याची शास्त्रीय खातरजमा सक्तीची करावी. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी ज्या समित्या स्थापन व्हायच्या, त्या कागदावर न ठेवता मासेमारांना त्यांत स्थान द्यावे आणि त्यांच्या संमतीवाचून एकही पिशवी पाण्यात रिती होऊ देऊ नये. कावेरीत उरलेल्या वशिंडाच्या महसीरांचे, त्यांच्याच पाण्यात, शासकीय खर्चाने रक्षण व्हावे.

१९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या साथीने सत्याग्रह केला तो जमिनीसाठी. पण पाण्याचे काय करावयाचे हे कोण ठरवणार, हा प्रश्नही त्यात होताच. शंभर वर्षांनंतरही तो सुटलेला नाही. नदीकाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेत एवढेच विचारावे: आपल्या पाण्यात गेल्या वर्षी कोणते मासे सोडले, कुणी सोडले आणि कुणाला विचारून?