सातबारा कुणाच्या नावावर?

"मी ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर काम करते" असं सांगितलं की आमच्या नातेवाइकांत दोन प्रकारच्या प्रतिक्रिया येतात. वडीलधारी मंडळी काळजीत पडतात, "म्हणजे फुकट वाटता? मग पगार कोण देतं गं?" आणि तरुण मंडळी भारावून जातात, जणू मी समाजसेवाच करते आहे. दोन्ही समज थोडेथोडे चुकीचे. पगार वेळेवर होतो, आणि समाजसेवा म्हणावी इतकं पुण्य काही माझ्या खात्यावर नाही. पण काका लोकांचा प्रश्न मात्र अगदी मुद्द्याचा आहे. जी वस्तू कुणीही फुकट उचलून नेऊ शकतं, तिच्यावर कंपनी चालते तरी कशी? गेल्या काही वर्षांत या प्रश्नाचं उत्तर बदलत चाललंय, आणि ते ज्या दिशेने बदलतंय ते मला फारसं आवडलेलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी एक गैरसमज दूर करू. या चळवळीत पैसा कधीच वर्ज्य नव्हता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि १९८५ च्या सुमारास ते स्वतःच आपल्या ईमॅक्स या प्रोग्रॅमची टेप १५० डॉलरला विकत होते. ज्याला फुकट हवं त्याने नेटवरून उतरवून घ्यावं, ज्याला ते जमत नाही त्याने टेप मागवावी. त्यांचा आग्रह किमतीबद्दल नव्हता, हक्कांबद्दल होता. प्रोग्रॅम उघडून बघता आला पाहिजे, बदलता आला पाहिजे, दुसऱ्याला देता आला पाहिजे. १९८९ मध्ये आलेल्या जीपीएल या लायसन्सने त्यात एक अट पक्की केली: तुम्ही पुढे दिलंत तर हेच हक्क पुढच्यालाही द्यायचे. आपल्याला मिळालं, आपण झाकून ठेवलं, असं चालणार नाही.

मग कंपन्यांनी विकलं काय? याचं सगळ्यात सरळ उत्तर रेड हॅटने दिलं. सोसायटीच्या लिफ्टचं एएमसी असतं ना, तसा धंदा. लिफ्ट आपली, वापरायचे पैसे नाहीत. पण रात्री अकरा वाजता चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये जोशीकाकू अडकल्या तर फोन कुणाला करायचा, आणि तो फोन उचलण्याची जबाबदारी कुणाची, याचे पैसे आपण वर्षभर भरतो. १९९३ मध्ये सुरू झालेल्या रेड हॅटने बँकांना, टेलिफोन कंपन्यांना, सरकारांना नेमकं हेच विकलं. लिनक्स तर सगळ्यांचंच होतं. रेड हॅटने "हे आम्ही तपासलंय, इतकी वर्षं सांभाळू, बिघडलं तर आम्ही आहोत" हा शब्द विकला. शब्दाला किंमत किती असते बघा: फेब्रुवारी २०१२ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात त्यांची उलाढाल एक अब्ज डॉलरच्या वर गेली, आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलरला घेतली. आपल्या पुण्यातही त्यांचं मोठं ऑफिस आहे, आणि तिथली बरीच मंडळी सगळ्यांसाठी उघड्या असलेल्या कोडवरच पगार घेऊन काम करतात. (काका, हे तुमच्यासाठी.)

दुसरा मार्ग मायएसक्यूएलवाल्यांचा. मायकेल विडेनियस यांनी आपल्या मुलीचं, 'माय'चं नाव डेटाबेसला दिलं. त्यांचा हिशोब असा की तुमचं सॉफ्टवेअरही उघडं ठेवणार असाल तर आमचं फुकट घ्या, तुमचं झाकून विकायचं असेल तर आमच्याकडून वेगळं लायसन्स विकत घ्या. सन कंपनीने २००८ मध्ये हा धंदा एक अब्ज डॉलरला घेतला. २०१० मध्ये सनलाच ऑरेकलने गिळलं. ते होणार असं दिसताच विडेनियस यांनी त्याच कोडची वेगळी चूल मांडली आणि तिला धाकट्या मुलीचं नाव दिलं, मारियाडीबी. मालक बदलला तरी कोडवरचा लोकांचा हक्क जात नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तिसरा मार्ग आपल्या ब्लॉगर मंडळींच्या रोजच्या ओळखीचा. वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर कुणीही उतरवून आपल्या सर्व्हरवर चालवू शकतं. पण तुम्हाआम्हाला तेवढी उठाठेव कुठे करायची असते? म्हणून २००५ मध्ये स्थापन झालेली ऑटोमॅटिक ही कंपनी ते आपल्यासाठी चालवून देते आणि जास्तीच्या सोयींचे पैसे घेते. शिधा सगळ्यांना मोकळा, पण खाणावळीत जेवायचं तर डब्याचे पैसे. मुंबईची फ्रापे कंपनीही ईआरपीनेक्स्ट हे हिशोबाचं आणि कारभाराचं सॉफ्टवेअर जीपीएलखाली मोकळं ठेवते, आणि ते आपल्या क्लाउडवर चालवून देण्याचे पैसे घेते. मला हा व्यवहार अगदी प्रामाणिक वाटतो.

गाडी अडली ती या खाणावळीपाशीच. शिधा जर मोकळा आहे, तर शेजारी दहापट मोठी खाणावळ उघडायला कोण अडवणार? शाय बॅनन यांची पत्नी लंडनमध्ये पाककला शिकत होती. तिच्या पाककृती शोधता याव्यात म्हणून त्यांनी काहीतरी लिहायला घेतलं, आणि त्याच वाटेवर पुढे २०१० मध्ये इलॅस्टिकसर्च आलं. त्याभोवती कंपनी उभी राहिली. २०१५ मध्ये ॲमेझॉनने तेच सॉफ्टवेअर आपल्या क्लाउडवर भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि तेही त्याच नावाने. कायद्याने कोडवर त्यांचा पूर्ण हक्क होता. पण ज्यांनी रात्री जागून ते लिहिलं त्यांना काय वाटलं असेल, हे सांगायला नको.

मग एकामागोमाग एक दारं बंद व्हायला लागली. २०१८ मध्ये मोंगोडीबीने लायसन्स बदललं: हे सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकायचं तर ती सेवा चालवायला लागणारं तुमचं बाकीचं सगळं कोडही उघडं करा. कुठलीही मोठी क्लाउड कंपनी हे मान्य करणार नाही, हे उघडच होतं. २०२१ मध्ये इलॅस्टिक त्याच वाटेने गेली, तर २०२३ मध्ये टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशिकॉर्पने आणि २०२४ मध्ये रेडिसने आपापल्या परीने तसंच केलं. दर वेळी चावडीवर तीच भांडणं झाली. मोंगोडीबी सोडलं तर बाकी तिन्ही वेळा जुन्या मोकळ्या कोडवरून नवी चूलही मांडली गेली: ओपनसर्च, ओपनटोफू, व्हाल्की. पुढे इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये पुन्हा एक मान्यताप्राप्त ओपन सोर्स लायसन्सही देऊ केलं. पण तोवर शेजारच्या चुलीवर भात शिजलेला होता.

यात खलनायक कोण? माझं प्रामाणिक मत असं की "बिचाऱ्या छोट्या कंपन्या आणि दुष्ट ॲमेझॉन" ही गोष्ट अर्धीच खरी आहे. धंदा सुरू करताना "हे सगळ्यांचं आहे" हे वाक्य याच कंपन्यांना फार उपयोगी पडलं होतं. त्या वाक्यामुळे लोकांनी विश्वासाने वापरलं, चुका शोधून दिल्या, भर घातली, ठिकठिकाणी भाषणं देऊन फुकट जाहिरात केली. मोकळेपणा हे त्यांचं भांडवल होतं, आणि ते भांडवल लोकांकडून आलं होतं. पैसे मिळवायला माझी काहीच हरकत नाही. पहिल्या दिवसापासून "आमचं बंद आहे, विकत घ्या" म्हणणाऱ्याशीही माझं भांडण नाही. लोकांनी त्यावर घर बांधल्यावर वाटेला कुंपण घालणं मात्र मला पटत नाही.

पण कुंपण घालता येतं कुणाला? जमिनीचा व्यवहार करताना आपण आधी सातबारा बघतो. सॉफ्टवेअरचा सातबाराही बघता येतो, फक्त बघायची सवय कुणाला नाही. मालकाच्या रकान्यात लिनक्सच्या कर्नलपाशी हजारो नावं आहेत. ज्याने जे लिहिलं ते त्याचंच राहिलं, आणि सगळ्यांनी ते एकाच लायसन्सखाली दिलं. उद्या स्वतः लिनस टोरवाल्ड्स यांना जरी लायसन्स बदलावंसं वाटलं तरी या सगळ्यांची संमती आणायची कुठून? भाऊबंदकीच्या जमिनीसारखं आहे. एरवी आपण त्या गुंत्याला वैतागतो, इथे तोच गुंता राखण करतो.

पोस्टग्रेस या डेटाबेसचं लायसन्स तर याहून सैल. कुणीही कोड घेऊन त्याचं बंद सॉफ्टवेअर करून विकू शकतं, आणि अनेकांनी तसं केलंही आहे. तरीही मूळ पोस्टग्रेस कुणी बंद करू शकलेलं नाही, कारण त्याचं नाव आणि त्याचे निर्णय एका कंपनीच्या हातात नाहीत. २०२० मध्ये एंटरप्राइजडीबीने एक दुसरी पोस्टग्रेस कंपनी विकत घेतली, आणि त्यामुळे प्रकल्पाच्या मुख्य समितीतले निम्म्याहून जास्त सभासद एकाच कंपनीचे नोकर झाले. समितीचा संकेत असा की असं होऊ द्यायचं नाही. मग बाहेरचे दोन सभासद घेऊन तोल सावरला. कंपन्या तिथेही आहेत, धंदाही आहे, पण गावकीचा कारभार कुणा एका वाड्यावर चालत नाही.

आणि ज्यांच्या नावावर सातबारा नाही, तेही दिलेला शब्द फिरवू शकतात, हेही लिहायला हवं. रेड हॅटच्याच कोडवरून तयार होणारं सेंटओएस हे फुकट लिनक्स हजारो लहान कंपन्या आणि कॉलेजं वापरत. त्याची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाणार होती. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केलं की ती २०२१ अखेर बंद. लायसन्सचं कलम कुठलंही मोडलं नाही. पण ज्या कंपनीचा मालच "इतकी वर्षं सांभाळू" हा शब्द, तिने हे करावं याचं मला आजही वाईट वाटतं.

आता थोडं आपल्याबद्दल, म्हणजे वापरणाऱ्यांबद्दल. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं, तेव्हा जगाला कळलं की इंटरनेटवरचे कितीतरी व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल प्रकल्पाला वर्षाकाठी साधारण २००० डॉलर देणग्या मिळत होत्या. पुढे २०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरजेचं संकट आलं. त्यानंतर कर्ल हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या डॅनियल स्टेनबर्ग यांना एका बड्या कंपनीचं पत्र आलं: तुमच्यावर याचा काय परिणाम झालाय, चोवीस तासांत कळवा. त्या कंपनीने त्यांना कधी एक पैसा दिला नव्हता, आणि कर्लचा लॉगफोरजेशी संबंधही नव्हता! अन्नछत्रात जेवून वर मिरपूड मागणं म्हणतात ते हेच. कंपन्या दारं बंद करतात म्हणून आपण ओरडतो, पण दार उघडं होतं तेव्हा दानपेटीत किती टाकलं, हेही विचारायला हवं. म्हणून २०२४ मध्ये झेरोधाने अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला तेव्हा बरं वाटलं. आपल्याकडच्या बाकीच्या कंपन्यांनी त्यातून काही घ्यावं.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे माझा भाचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सांगलीला. रविवारचे रविवार घालवून त्याने एका कंपनीच्या ओपन सोर्स प्रकल्पात एक चूक दुरुस्त केली. कंपनीला ती पसंत पडली, पण घेण्याआधी त्यांनी एक करार पुढे केला. "मावशी, सही करू का? सगळे करतात म्हणे." मी म्हटलं, आधी वाच. त्यात लिहिलं होतं की तू दिलेलं कोड कंपनी पुढे कुठल्याही लायसन्सखाली वापरू शकेल. हा सातबाऱ्यातला 'इतर हक्क'चा रकाना. मालक म्हणून नाव तुझंच राहील, पण कुंपण घालायची मुभा त्यांना. असा प्रत्येक करार वाईट असतो असं नाही. अपाचे फाउंडेशनही करार लिहून घेतं, पण ती ना-नफा संस्था आहे, तिच्यावर गुंतवणूकदारांचा तगादा नसतो. म्हणून सही कुणाला देतोस ते बघ. ती कंपनी आज पैसे कशातून मिळवते, आणि ते पुरेनासे झाले तर तिला काय सुचेल, याचा विचार कर.

दोन दिवस विचार करून त्याने सही केली. शिकायला मिळतंय, नोकरीच्या अर्जात लिहिता येईल, आणि उद्या त्यांनी बंद केलं तरी आजचं कोड माझ्याकडे आहेच, असा त्याचा हिशोब. मला तो हिशोब पूर्ण पटलेला नाही, पण निदान तो त्याने स्वतः मांडलेला आहे. असो. तुमच्यापैकी जे ऑफिसात नवं "फुकट" सॉफ्टवेअर घ्यायच्या गोष्टी करत असतील, त्यांनी पुढच्या मीटिंगमध्ये एवढंच विचारून बघावं: याचा सातबारा कुणाच्या नावावर आहे? बहुतेक ठिकाणी शांतता पसरेल. त्या शांततेत कुणीतरी जाऊन लायसन्सची फाइल उघडली, तरी माझं काम झालं.