पत्र्याचं गोत्र

'हॉट रॉड' या शब्दाचं सरळ भाषांतर 'तापलेली सळई' असं होतं, आणि हा छंद ज्या घरात शिरतो त्या घरातल्या बाईला ते भाषांतर मुळीच चुकीचं वाटत नाही. हॉट रॉड म्हणजे जुन्या गाडीतलं नको ते काढून, हवं ते घालून, घरच्या घरी बनवलेली वेगवान गाडी. त्यातली रोडस्टर म्हणजे दोन माणसांची, कायमचं छप्पर नसलेली, दाराला वरखाली होणारी काचही नसलेली. पाऊस आला की भिजायचं, ऊन आलं की भाजायचं. आपल्याकडे ही सोय बैलगाडीत फुकट होती. अमेरिकेत ती स्वतःच्या खर्चानं करून घ्यावी लागते.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. त्याच्या गॅरेजात गेली नऊ वर्षं अशी एक रोडस्टर 'तयार होते आहे'. चॅसी तयार आहे. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, सगळं जागच्या जागी आहे. मी तिकडे गेलो तेव्हा त्यानं मला इंजिन चालू करून ऐकवलंसुद्धा. शेजारच्या म्हातारीनं खिडकी लावून घेतली. गाडीला फक्त बॉडी नाही. का रे बाबा? तर म्हणतो, "मामा, अस्सल पत्र्याची मिळत नाही ना!" अस्सल म्हणजे १९३२ साली फोर्डच्या कारखान्यात ठोकलेल्या पत्र्याची. बाकी सगळे पत्रे अकुलीन.

माझं भांडण भाच्याशी नाही. त्याच्या डोक्यात हे भरवणाऱ्या मंडळींशी आहे. ही मंडळी शनिवारी सकाळी गाड्यांच्या मेळाव्यात घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली असतात. एखादी रोडस्टर येऊन थांबली की त्यातला एक उठतो आणि बॉडीवर टिचकी मारतो. 'टण्' आवाज आला तर मान डोलावतो. 'टक्' आला तर काही न बोलता खुर्चीकडे परत जातो, आणि ते न बोलणं गाडीवाल्याला महिनाभर पुरतं. काहीजण खिशात लोहचुंबक बाळगतात. टिचकी मारून माठ घेणारी माणसं मी पाहिली आहेत. पण त्यांना माठ घरी न्यायचा असतो. यांना दुसऱ्याच्या माठाची जात बघायची असते.

या मंडळींना त्यांच्याच पंथाचा इतिहास कुणीतरी सांगायला हवा. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली निघाली आणि १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या. त्यामुळे पुढच्या दशकात त्या भंगाराच्या भावानं मिळू लागल्या. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या खिसे रिकामे असलेल्या पोरांनी त्या उचलल्या, वजन कमी करायला मडगार्ड काढून फेकले, आणि म्युरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या तळ्यांवर नेऊन पिटाळल्या. पुढे १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. ही पोरं रोडस्टरच का घेत होती? कारण ती हलकी होती आणि स्वस्त होती. त्यांनी गाडीचं गोत्र विचारलं नव्हतं. किंमत विचारली होती. हाताला लागेल त्यातून गाडी उभी करायची, हाच त्या धर्माचा एकमेव मंत्र. त्याच धर्माचे आजचे भटजी सांगतात, पत्रिका जुळल्याशिवाय गाडी उभी करू नका!

१९३२च्या मॉडेलचं वेड मला समजतं. त्या वर्षी फोर्डनं सामान्य माणसाच्या गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन बसवलं, ६५ अश्वशक्तीचं. शिवाय त्या चॅसीच्या कडा इतक्या सुबक की मडगार्ड काढले तरी गाडी उघडी वाटत नाही. रूप आहे, मान्य. पण रूपावर भाळणं वेगळं आणि रक्ताचा दाखला मागणं वेगळं.

आणि हे 'अस्सल' म्हणजे तरी काय? मॉडेल टीची बॉडी हा लाकडाचा सांगाडा होता, त्यावर पत्रा चढवलेला. त्या लाकडासाठी फोर्डनं मिशिगनमध्ये जंगलं घेतली, गिरणी घातली. आणि उरलेल्या लाकडाच्या तुकड्यांतून कोळशाच्या वड्या पाडून विकल्या. म्हणजे ज्या बॉडीची आज पूजा चालते, तिच्या सख्ख्या भावंडांवर अमेरिकेनं मटण भाजून खाल्लं. पत्र्याची थोरवी गाणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

भाच्याला मध्यंतरी एक 'अस्सल' बॉडी सांगून आली होती. फोटो मी पाहिला. खालचा वीतभर भाग गंजानं खाल्लेला, तळ नाहीच, एक दार दुसऱ्याच वर्षाचं. तळ नवा घालायचा, कडा नव्या जोडायच्या, दारं शोधायची, उरलेल्या खड्ड्यांत लांबी भरायची. आमच्या आजोबांच्या छत्रीचं कापड तीनदा बदललं होतं, काड्या दोनदा, मूठ एकदा. पण ती आजोबांचीच छत्री आहे असं म्हणून तिचे कुणी दसपट पैसे मागितले नव्हते.

बरं, ज्याला पत्राच हवा त्याच्यासाठी ओहायोतल्या ब्रुकव्हिलला नव्या पत्र्याच्या, हुबेहूब जुन्या घाटाच्या बॉड्या बनतात. महाग असतात, पण गंज नसतो. यांना खुर्चीवाले दत्तक मुलासारखं वागवतात. जेवायला बसवतात, पण नैवेद्य दाखवू देत नाहीत. आणि फायबरग्लास? त्याला तर अंगणातच थांबवतात. वास्तविक शेव्हरोलेची कॉर्व्हेट १९५३ साली बाजारात आली ती फायबरग्लासची बॉडी घेऊनच. तिच्यावर कुणी टिचकी मारताना मला दिसलं नाही.

फायबरग्लासमध्ये खोट नाही असं मी म्हणत नाही. स्वस्तातली बॉडी पत्रावळीच्या द्रोणासारखी असते. आत लोखंडी नळ्यांचा किंवा लाकडाचा सांगाडा नसेल तर दारं लोंबकळतात. साच्यातून काढल्याबरोबर रंगवली तर पुढं पृष्ठभागावर आतली वीण उमटते. तिला आधी वाळू द्यावं लागतं. पत्र्याच्या गाडीत वीज परतायला बॉडीच उपयोगी पडते. इथं प्रत्येक दिव्याला अर्थिंगची वेगळी तार ओढावी लागते. तेव्हा आतला सांगाडा पाहा, जाडी पाहा, बिजागऱ्या कशात रुतवल्या आहेत ते पाहा, दार चार वेळा उघडा-मिटा. मात्र यातली एकही गोष्ट टिचकीनं कळत नाही.

आणि सगळ्यात आधी, बॉडीत बसून पाहा! ही साधी गोष्ट कुणी सांगत नाही. मॉडेल टीचा घाट अरुंद. १९२६ पूर्वीच्या अमेरिकन उघड्या टीला तर चालकाच्या बाजूला दारच नसे, नुसता दाराचा आकार पत्र्यावर उठवलेला. आजही त्या घाटाच्या कित्येक फायबरग्लास बॉड्यांना उघडणारं दार नसतं. कठड्यावरून उडी मारून आत शिरायचं. भाचा सहा फुटांचा आहे आणि आमच्या ताईनं त्याला लहानपणी तुपात वाढवलाय. भाचेसून म्हणाली, "मामा, मी काही यात उड्या मारून बसायची नाही." अख्ख्या कॅलिफोर्नियात बॉडीबद्दल ऐकलेलं एवढंच एक शास्त्रशुद्ध मत.

"पण मामा, फायबरग्लासच्या गाडीला विकताना किंमत येत नाही," हा भाच्याचा शेवटचा मुद्दा. अरे, नऊ वर्षं नखांत ग्रीस घालून घेतलंस ते काय विकायला? लेकरासाठी घरी शिवलेल्या झबल्याचा बाजारभाव कोणती आई काढते? आणि जुन्या पत्र्याचा खरोखर एवढा आदर असेल, तर शाबूत राहिलेली १९३२ची बॉडी जशी आहे तशी सांभाळणाऱ्याच्या हाती जाऊ द्यावी. अस्सल, अस्सल म्हणत तिच्यावर करवत चालवणं ही कसली भक्ती?

गाडीला सुरुवात झाली तेव्हा भाच्याची मुलगी पाच वर्षांची होती. बापानं आडवं पडून हात बाहेर काढला की बरोबर त्याच मापाचा पाना हातात ठेवायची. आता ती चौदा वर्षांची आहे. गॅरेजकडे फिरकत नाही. आणखी दोन वर्षांनी तिला लायसन मिळेल आणि ती दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीत बसून निघून जाईल. नव्वद वर्षांपूर्वीचा पत्रा आज ना उद्या मिळेल. त्या शेजारच्या सीटवर बसणारी पोरगी मिळणार नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच : ज्यात आपण मावतो, जी परवडते आणि जी आपल्या हातांनी दुरुस्त करता येते, ती बॉडी अस्सल. ती आणावी, चॅसीवर चढवावी, बोल्ट आवळावेत आणि पोरीला हाक मारावी. खुर्चीवाल्यांची चिंता नको. चालत्या गाडीवर टिचकी मारता येत नाही.